अल्झायमर आणि ईईजीची गुंतागुंत : लहरी मंदावण्यापलीकडे त्यात काही आहे का?

शून्यांश

मंडळी,

अल्झायमरच्या ईईजीबद्दल (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून काढलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) तीन गोष्टी नेहमी एका दमात सांगितल्या जातात. लहरी मंदावतात, मेंदूच्या दोन भागांमधला मेळ बिघडतो आणि सिग्नलची गुंतागुंत कमी होते. पहिली गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसते: डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला येणारा १० हर्ट्झच्या आसपासचा अल्फा खाली सरकतो, ८ हर्ट्झच्या जवळ किंवा त्याहून खाली येतो, आणि ४ ते ८ हर्ट्झचा थीटा वाढतो. दुसरीही समजते. तिसरीवर मात्र वाद आहे.

माझं मत असं की गुंतागुंत हे वेगळं, स्वतंत्र माप आहे. पॉवर स्पेक्ट्रम काढताना आपण प्रत्येक वारंवारितेची ताकद ठेवतो आणि फेज (लहर कोणत्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे ते) टाकून देतो. एंट्रॉपी किंवा लेम्पेल-झिव्ह (सिग्नल किती अनियमित आहे ते सांगणारी मापं) मोजताना नमुने, म्हणजे सिग्नलची क्षणोक्षणीची मोजमापं, जसे एकामागून एक येतात तसेच वापरले जातात, म्हणजे फेजमधली माहितीही त्यात येते. त्यामुळे मंदावण्यात न दिसणारं काहीतरी इथे दिसायला हवं.

तुमचं काय म्हणणं? आणि ज्यांनी हे प्रत्यक्ष मोजलंय त्यांनी पायऱ्या सविस्तर लिहा. 'एंट्रॉपी काढली' एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही.

ईईजी_टेक

गणिताआधी रेकॉर्डिंगचं बोलू या, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

आदल्या रात्री शाम्पूने केस धुवायला सांगा आणि त्यानंतर डोक्याला तेल नको. आपल्याकडच्या वयस्कर माणसांना हे दोनदा सांगावं लागतं, सोबत येणाऱ्या नातेवाइकालाही सांगावं लागतं. तेलकट टाळूवर इम्पीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) खाली येत नाही. सगळ्या इलेक्ट्रोडवर ५ किलो-ओहमच्या आत हवा आणि, त्याहून महत्त्वाचं, सगळीकडे साधारण सारखा हवा. एक ३ वर आणि शेजारचा १५ वर असेल तर विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घरघर नेमकी त्या जोडीत उतरते. उपाशी पोटी बोलावू नका, साखर खाली गेली की लहरी आपोआप मंदावतात.

उशी डोक्यामागे असेल तर ओ१ आणि ओ२ (डोक्यामागचे इलेक्ट्रोड) दाबले जातात आणि मानेचे स्नायू ताणलेले राहतात. मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्या, डोक्याचा मागचा भाग मोकळा राहू द्या. कवळी असलेले लोक दात आवळून बसतात, त्याने टी३ आणि टी४ (कानांजवळचे इलेक्ट्रोड) वर स्नायूंचा जाड पट्टा येतो. 'दात किंचित उघडे ठेवा, जीभ सैल सोडा' एवढं सांगितलं की तो बराच कमी होतो. पलंगाची मोटर, मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढून ठेवा.

आता मुख्य मुद्दा, गुंगी. डोळे मिटून दहा-बारा मिनिटं स्वस्थ बसवलं की स्मृतिभ्रंशाचे पेशंट निरोगी माणसांपेक्षा लवकर पेंगतात. गुंगीतही अल्फा जातो, थीटा येतो, एंट्रॉपी उतरते. म्हणजे तुम्ही आजार मोजताय की डुलकी, हे आकड्यावरून कळत नाही. एफ७-एफ८ वर (कपाळाच्या दोन बाजूंचे इलेक्ट्रोड) डोळ्यांची संथ, विरुद्ध दिशांची हालचाल दिसू लागली की समजायचं माणूस चालला. तेवढ्यात नावाने हाक मारा, डोळे उघडायला लावा, दहा सेकंदांनी मिटायला लावा, आणि प्रत्येक वेळी खूण टाका. विश्लेषणाला डोळे मिटल्यानंतरचा जागेपणीचाच भाग घ्या. ही खूण न टाकलेलं रेकॉर्डिंग असेल तर त्यावर एंट्रॉपी काढण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पारिजात

@ईईजी_टेक, डोळे उघडायला लावण्याचा आणखी एक फायदा. निरोगी माणसात डोळे उघडले की अल्फा झटकन दबतो, मिटले की परत येतो. अल्झायमरमध्ये हा प्रतिसादच बोथट होतो. फुकटात मिळणारी माहिती आहे, ती लिहून ठेवावी.

कृष्णाकाठ

शून्यांश, पायऱ्या मागितल्यात म्हणून लेम्पेल-झिव्ह हाताने करून दाखवतो. १९७६ चं माप आहे, आणि सगळ्यांत कमी गृहीतकं यालाच लागतात.

एका इलेक्ट्रोडचा ५ ते १० सेकंदांचा तुकडा घ्या. त्याचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढा. प्रत्येक नमुना मध्यकापेक्षा मोठा असेल तर १, नाही तर ०. सरासरी न घेता मध्यक घ्यायचा, कारण एखाद्या मोठ्या झटक्याने सरासरी हलते, मध्यक हलत नाही. आता ही शून्य-एकची माळ डावीकडून वाचत जायची आणि आतापर्यंत वाचलेल्यातून जो नक्कल करून मिळत नाही असा सगळ्यांत छोटा तुकडा आला की तिथे कापायचं.

समजा माळ आहे ०००११०१००१०००१०१. तुकडे पडतात असे:

० | ००१ | १० | १०० | १००० | १०१

सहा तुकडे. (शेवटचा १०१ आधी येऊन गेलेला आहे, पण माळ संपली म्हणून तोही मोजायचा.) लांबी n असेल तर यादृच्छिक माळेत तुकडे साधारण n भागिले n चा द्विआधारी लॉग इतके पडतात. इथे १६ भागिले ४, म्हणजे ४. गुणोत्तर ६/४ = १.५.

खरं तर हे गुणोत्तर ० ते १ मध्ये असायला हवं, ते १.५ आलं. तुकडा आखूड असला की असंच होतं. म्हणून एकाचे ५ सेकंद आणि दुसऱ्याचे २० सेकंद अशी तुलना कधीही करू नका. सगळ्यांची लांबी नमुन्यांच्या संख्येत तंतोतंत सारखी ठेवा.

मावळवारा

हे वाचून पहिल्यांदा नीट कळलं. धन्यवाद कृष्णाकाठ! सॅम्पल एंट्रॉपीचंही असंच होऊन जाऊ द्या.

कृष्णाकाठ

घ्या. सॅम्पल एंट्रॉपीत दोन आकडे आधी ठरवायचे: m म्हणजे नमुन्याच्या तुकड्याची लांबी, r म्हणजे दोन तुकडे 'सारखे' मानायची मर्यादा. बहुतेक जण m = २ आणि r = प्रमाण विचलनाच्या ०.२ पट घेतात. m लांबीच्या किती जोड्या r च्या आत जुळतात ते मोजा (ब), त्यातल्या किती जोड्या पुढच्या एका नमुन्यालाही जुळून राहतात ते मोजा (अ), आणि अ/ब चा नैसर्गिक लॉग उणे चिन्हासह घ्या. जुळलेलं पुढेही जुळत राहिलं तर सिग्नल अंदाज बांधण्याजोगा, एंट्रॉपी कमी. अप्रॉक्झिमेट एंट्रॉपी तिची थोरली बहीण, १९९१ ची. ती प्रत्येक तुकड्याची स्वतःशीच जुळणी मोजते, त्यामुळे आखूड सिग्नल आहे त्याहून नियमित दिसतो. २००० मध्ये सॅम्पल एंट्रॉपी आली ती हाच दोष काढायला.

कुठे फसतं ते सांगतो. एक, r विचलनावर बांधलेला आहे. पार्श्वभूमीचं विचलन १० मायक्रोव्होल्ट असेल तर r आला २. त्या ५ सेकंदांत पापणीची १५० मायक्रोव्होल्टची एक उडी शिरली आणि विचलन २५ झालं, तर r आला ५. आता पार्श्वभूमीतले जवळजवळ सगळेच तुकडे एकमेकांना 'जुळतात' आणि एंट्रॉपी कोसळते. मेंदूत काहीच झालेलं नाही, पापणी लवली आहे.

दोन, सॅम्पलिंगचा वेग. ५०० हर्ट्झवर रेकॉर्डिंग, ४५ हर्ट्झचा लो-पास (त्यावरचं सगळं गाळणारा फिल्टर), आणि m = २. शेजारच्या दोन नमुन्यांत अंतर २ मिलिसेकंद, म्हणजे तीन नमुन्यांचा पूर्ण तुकडा ४ मिलिसेकंदांत संपतो. अल्फाचं एक आवर्तन १०० मिलिसेकंदांचं! इतक्या छोट्या फटीत सिग्नल हलूच शकत नाही, सगळं सगळ्याला जुळतं. चारने भागून १२५ हर्ट्झवर आणा. ४५ च्या फिल्टरनंतर १२५ ला काहीच हरवत नाही, कारण १२५ ला त्याच्या निम्म्यापर्यंतच्या, म्हणजे ६२.५ हर्ट्झपर्यंतच्या लहरी टिकतात.

निरभ्र

मोजमापाचं छान चाललंय, थोडं 'का' बद्दल.

लहरी मंदावण्यामागचं सर्वांत पक्कं कारण ॲसिटिलकोलीन, पेशींमधला निरोप पोचवणारं रसायन. मेंदूच्या तळाशी असलेल्या मायनर्टच्या केंद्रकातल्या पेशी अल्झायमरमध्ये मोठ्या प्रमाणात मरतात, आणि संपूर्ण कॉर्टेक्सला (मेंदूचा बाहेरचा थर) ॲसिटिलकोलीन पुरवण्याचं काम मुख्यतः त्यांचं. पुरावा औषधाने मिळतो. निरोगी माणसाला स्कोपोलामिन (ॲसिटिलकोलीन अडवणारं औषध) दिलं की त्याचा ईईजी काही काळ मंदावतो. उलट डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिनसारखी ॲसिटिलकोलीन वाढवणारी औषधं पेशंटचा ईईजी थोडा मागे वळवतात. त्याच्या जोडीला कॉर्टेक्समधले सिनॅप्स (पेशींमधले जोड) कमी होतात आणि लांबच्या भागांना जोडणारे तंतू झिजतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारी, एकमेकांत मिसळणारी आवक घटली की एका इलेक्ट्रोडखालचा सिग्नल गुळगुळीत आणि पुनरावृत्तीचा होत जातो.

सर्वांत ठळक फरक पार्श्विक आणि पश्चकपाल भागात (डोक्याचा वरचा-मागचा आणि अगदी मागचा भाग), म्हणजे पी३, पी४, ओ१, ओ२ वर मिळतो. निरोगी माणसाचा अल्फा तिथेच सगळ्यात भक्कम असतो, तेव्हा ते अपेक्षितच आहे.

ही ॲसिटिलकोलीनची बाजू लक्षात ठेवायचं व्यावहारिक कारण औषधं. ट्रायहेक्सिफेनिडिल, ॲमिट्रिप्टिलीन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, ही सगळी ॲसिटिलकोलीन अडवतात. ती चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा ईईजी अल्झायमरशिवायही मंदावलेला दिसू शकतो. झोपेच्या गोळ्यांचं उलटं: क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम बीटा (अल्फाहून जलद लहरी) वाढवतात, त्याने एंट्रॉपी चढते आणि खरा फरक झाकला जातो. गटांची तुलना करताना औषधांची यादी हातात नसेल तर निष्कर्ष काढू नये.

गोदाकाठ

शून्यांश, तुमच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो ठामपणे मांडतो.

एंट्रॉपी फेज 'वापरते' म्हणून फरक फेजमधूनच आला असं होत नाही. मंद सिग्नल हा मुळातच जास्त अंदाज बांधण्याजोगा असतो. १० हर्ट्झऐवजी ६ हर्ट्झ केलं की मध्यकाची ओलांडणी कमी वेळा होते, शून्य-एकची माळ लांब लांब पट्ट्यांची होते, लेम्पेल-झिव्हचे तुकडे घटतात. फेजला हातही न लावता.

तपासायची रीत जुनी आहे, सरोगेट, म्हणजे मूळ सिग्नलवरून तयार केलेले बनावट सिग्नल.

तुकड्याचं फूरिये रूपांतर करा. प्रत्येक वारंवारितेचा आयाम तसाच ठेवा, फेज यादृच्छिक करा, उलट रूपांतर करा. जे मिळतं त्याचा स्पेक्ट्रम मूळासारखाच, पण फेजमधली सगळी रचना विस्कटलेली. असे ९९ सरोगेट बनवा, प्रत्येकाचं लेम्पेल-झिव्ह काढा. मूळ आकडा या ९९ च्या बाहेर पडला तरच स्पेक्ट्रमपलीकडे काही आहे असं म्हणायला जागा. मग दोन्ही गटांत 'मूळ भागिले सरोगेटची सरासरी' हे गुणोत्तर लावून पाहा. मूळ आकड्यात दिसणारा अल्झायमर-निरोगी फरक गुणोत्तरात नाहीसा झाला, तर तुम्ही मंदावणंच दुसऱ्या एककात मोजलं.

बनवताना दोन काळज्या. तुकड्याचं पहिलं आणि शेवटचं टोक पातळीत आणि उतारात जुळेल असा तुकडा निवडा. फूरिये सिग्नलला गोल जोडलेला समजतं, टोकं जुळत नसली की तिथे पायरी तयार होते आणि सरोगेटमध्ये खोटी जलद वारंवारिता शिरते. दुसरं, ईईजीच्या आयामांचं वितरण घंटाकार नसेल तर साधं फेज-विस्कटणं पुरत नाही, स्पेक्ट्रम आणि वितरण दोन्ही राखणारी पुनरावर्ती पद्धत वापरा. नाहीतर फक्त वितरणातल्या फरकाला तुम्ही 'अरेषीयता' (स्पेक्ट्रममध्ये न दिसणारी रचना) म्हणून बसाल.

शून्यांश

गोदाकाठ, मुद्दा पोचला, आणि लेम्पेल-झिव्हबद्दल तो बराचसा मान्य. पण मग मल्टीस्केल एंट्रॉपीचं, म्हणजे वेगवेगळ्या कालपट्ट्यांवर मोजलेल्या एंट्रॉपीचं काय? तिथे अल्झायमरमध्ये छोट्या कालपट्टीवर एंट्रॉपी कमी आणि मोठ्या कालपट्टीवर जास्त मिळते असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. दोन वक्र एकमेकांना छेदतात. नुसतं मंदावणं असतं तर सगळीकडे एकाच बाजूला गेलं असतं ना?

सह्यधार

छेदही स्पेक्ट्रमनेच समजावता येतो. जरा आकडे मांडून पाहा.

मल्टीस्केलमध्ये पातळी वाढवत जाताना लागोपाठचे तितके नमुने सरासरीने एक करतात. १२५ हर्ट्झवर १२ वी पातळी म्हणजे ९६ मिलिसेकंदांची सरासरी. १० हर्ट्झच्या अल्फाचं आवर्तन १०० मिलिसेकंदांचं. म्हणजे एक पूर्ण चढ आणि एक पूर्ण उतार एकाच सरासरीत गेला, अल्फा जवळजवळ पुसला गेला. निरोगी माणसाची बरीचशी ताकद अल्फात होती, तेव्हा उरलेल्या सिग्नलचं विचलन एकदम घटतं. पण मूळ पद्धतीत r पहिल्या पातळीच्या विचलनावर ठरवून पुढे तोच ठेवतात. आक्रसलेल्या सिग्नलला तो r आता फार मोठा झाला, सगळं जुळायला लागलं, एंट्रॉपी पडली.

अल्झायमरच्या पेशंटची ताकद थीटा आणि डेल्टाकडे (४ हर्ट्झखालच्या लहरी) सरकलेली. विशेषतः डेल्टाचा भाग त्या सरासरीत टिकतो, विचलन टिकतं, r तुलनेने लहान राहतो, एंट्रॉपी वर राहते. झाला छेद.

म्हणून प्रत्येक पातळीवर r नव्याने काढून एकदा चालवा. छेद टिकला तर बोलू. आणि २० व्या पातळीपर्यंत जाताना लांबी बघा: ६० सेकंद गुणिले १२५ म्हणजे ७५०० नमुने, २० व्या पातळीवर उरतात ३७५. m = २ ला ते जेमतेम चालतात. ५ सेकंदांच्या तुकड्यावर २० पातळ्या चालवलेल्या दिसल्या तर तो आलेख बाजूला ठेवा, तिथे ३१ नमुने उरतात!

मावळवारा

अवांतर विचारतो. घरी कपाळावर बांधायचे ईईजीचे पट्टे मिळतात, त्यावर आईवडिलांची 'गुंतागुंत' पाहता येईल का? आणि अल्झायमरवर उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ४० हर्ट्झच्या लुकलुकत्या दिव्यांचं काय, ते लावून ठेवावेत का?

ईईजी_टेक

पट्ट्याचे इलेक्ट्रोड कपाळावर. फरक दिसतो तो मागच्या बाजूला. कपाळावर मिळतात पापण्या आणि कपाळाचे स्नायू, एक एंट्रॉपी पाडतो, दुसरा चढवतो. नका करू. घरच्यांची चिंता असेल तर स्मृती चाचणी करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.

निरभ्र

४० हर्ट्झबद्दल: २०१६ मध्ये एमआयटीच्या गटाने उंदरांवर ४० हर्ट्झच्या लुकलुकत्या प्रकाशाने दृष्टीच्या कॉर्टेक्समधलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) घटल्याचं दाखवलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने तसाच प्रयोग केला, त्यांना अमायलॉइडमध्ये घट मिळाली नाही. माणसांवरच्या चाचण्या वेगळ्या चालल्यात. बाजारातला दिवा विकत घेण्याजोगा पुरावा यात नाही. कुटुंबात फिट्सचा इतिहास असेल तर लुकलुकता प्रकाश घरच्या घरी वापरूच नका, अल्झायमरमध्ये फिट्सचा धोका मुळात वाढलेला असतो.

पारिजात

मावळवारा, आईवडिलांसाठी खरंच काही करायचं असेल तर ऐकू कमी येतं का, बीपी, साखर, बी१२, थायरॉइड हे आधी बघा. बी१२ आणि थायरॉइडने होणारा विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. ईईजीच्या आधी ही रक्ततपासणी.

कृष्णाकाठ

मूळ विषयाकडे. ज्यांना हे स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी एक खुला संच आहे, ओपनन्यूरोवर (मेंदूच्या डेटाचं खुलं संकेतस्थळ), क्रमांक डीएस००४५०४. ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या आहेपा रुग्णालयातला. अल्झायमरचे ३६, फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाचे (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा आजार) २३ आणि निरोगी २९. डोळे मिटून, १९ इलेक्ट्रोड, ५०० हर्ट्झ. अल्झायमरवाल्यांचं रेकॉर्डिंग माणशी सरासरी साडेतेरा मिनिटांचं.

कच्चा डेटा आहे आणि साफ केलेलाही. साफ केलेल्यात ०.५ ते ४५ हर्ट्झचा फिल्टर, कानांचा संदर्भ (कानांवरच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजमाप), मग मोठे झटके काढणारी स्वयंचलित पद्धत, मग आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी पद्धत) लावून डोळे आणि जबडा यांचे घटक बाद केलेले. सुरुवात साफ केलेल्यावरून करा, पण एकदा कच्च्यावरही तेच चालवून पाहा. दोन्हींत निकाल उलटा आला तर तुम्ही स्नायू मोजत होता.

संच वापरताना एक गोष्ट विसरू नका. अल्झायमर गटाचा एमएमएसई (स्मृती आणि आकलनाच्या चाचणीतले गुण) सरासरी १७.७५ आहे, ३० पैकी. निरोगी गटाचा ३०. म्हणजे ही मंडळी आजारात बरीच पुढे गेलेली आहेत. यावर मिळालेला फरक 'लवकर निदान' म्हणून मिरवायचा नाही.

गोदाकाठ

+१. आणि याच संचावर ९८-९९ टक्के अचूकता सांगणारे दावे दिसले की आधी विभागणी कशी केली ते विचारा. साडेतेरा मिनिटांचे ५-५ सेकंदांचे तुकडे केले की एका माणसाचे दीडशेच्या वर तुकडे होतात. ते सगळे एकत्र पिसून ८० टक्के शिकायला आणि २० टक्के तपासायला दिले, तर त्याच माणसाचे तुकडे दोन्हीकडे येतात. मॉडेल आजार शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. कवटीची जाडी, अल्फाची नेमकी वारंवारिता, इलेक्ट्रोड बसवण्यातला तिरकेपणा, सगळं व्यक्तीपरत्वे ठरलेलं असतं.

विभागणी माणसांची करायची, एक माणूस पूर्ण बाहेर ठेवून. तशी केली की अचूकता ऐंशीच्या आसपास उतरते. त्यातही ३६ + २९ = ६५ माणसंच आहेत. ६५ पैकी ५२ बरोबर म्हणजे ८० टक्के, पण ९५ टक्क्यांची विश्वास-मर्यादा ६९ ते ८८. दोन पद्धतींत तीन टक्क्यांचा फरक म्हणजे दोन माणसं. त्यावरून एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही.

निरभ्र

ओपीडीच्या बाजूने हेच पुढे नेतो. ८० टक्के संवेदनशीलता (आजारी ओळखणं) आणि ८० टक्के विशिष्टता (निरोगी ओळखणं) समजा. भारतात साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं आहे. साठीपुढच्या १००० लोकांना सरसकट तपासलं तर ७४ आजारी, त्यातले ५९ पकडले. ९२६ निरोगी, त्यातल्या १८५ जणांना चुकून 'आजारी' म्हटलं. एकूण २४४ जणांना भीती घातली आणि त्यात खरे ५९, चारात एक. चाळणी म्हणून हे माप कुणीही वापरू नये.

शिवाय मंदावणं एकट्या अल्झायमरचं नाही. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडून आलेली गुंगी, सोडियम उतरणं, डेलिरियम (अचानक येणारा संभ्रम), सगळ्यांत तेच दिसतं. लेवी बॉडीच्या आजारात (स्मृतिभ्रंशाचाच आणखी एक प्रकार) मागच्या भागाची प्रमुख वारंवारिता अल्फाखाली घसरते आणि क्षणोक्षणी बदलते. २०१७ च्या निकषांत ती पूरक खूण मानली आहे. फ्रंटोटेम्पोरलमध्ये सुरुवातीला मागचा अल्फा तुलनेने शाबूत राहतो. तेव्हा ईईजीचा खरा उपयोग 'अल्झायमर आहे का' यापेक्षा 'अल्झायमर की आणखी काही' या प्रश्नाला जास्त. अमायलॉइड आणि टाऊ (अल्झायमरमध्ये साचणारं दुसरं प्रथिन) दाखवायला पेट स्कॅन, पाठीच्या कण्यातलं पाणी, आणि आता रक्तातला पी-टाऊ २१७ आहे. त्यावर आधारित पहिल्या रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पण यातली कोणतीही चाचणी मेंदूचं काम कसं चाललंय ते सांगत नाही. ईईजी सांगतो. म्हणून मला त्याच्याबद्दल आस्था आहे आणि त्याचे आकडे फुगवून सांगितले की वाईट वाटतं.

पारिजात

चारात एक हा हिशेब प्रत्येक 'एआयने निदान' बातमीखाली छापायला हवा!

शून्यांश

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत बदललंय, पण पूर्ण नाही. थेस्सलोनिकीच्या संचावर असा बेत आहे, तपासून द्या:

साफ केलेला डेटा, १२५ हर्ट्झवर आणून, पी३, पी४, ओ१, ओ२. आठ सेकंदांचे, म्हणजे प्रत्येकी १००० नमुन्यांचे तुकडे. प्रत्येक तुकड्याचं लेम्पेल-झिव्ह आणि सॅम्पल एंट्रॉपी, सोबत ९९ सरोगेट, मूळ-सरोगेट गुणोत्तर. माणसागणिक मध्यक घेऊन एक माणूस, एक आकडा. मग अल्झायमर-निरोगी तुलना तीनदा: मूळ आकडा, अल्फाची शिखर-वारंवारिता, आणि गुणोत्तर. गुणोत्तरात फरक उरला तर माझा मुद्दा अंशतः खरा.

गोदाकाठ

बेत चांगला आहे. दोन दुरुस्त्या. तुमचे पुढचे-मागचे तुकडे टोकं जुळावीत म्हणून सरकवावे लागतील, तेव्हा १००० नमुन्यांची खिडकी थोडी पुढेमागे हलवायची मुभा ठेवा, लांबी मात्र १००० च.

दुसरी महत्त्वाची. गुणोत्तर १ पेक्षा वेगळं आलं तरी लगेच 'अरेषीयता' म्हणू नका. आठ सेकंदांत अल्फा फुलतो आणि ओसरतो, सरोगेटमध्ये तो सगळीकडे सारखा पसरतो. एवढ्यानेही मूळ आणि सरोगेट वेगळे पडतात. निरोगी माणसात अल्फा जास्त, त्याचं फुलणं-ओसरणंही जास्त, म्हणजे गटांतला फरक तिथूनही येऊ शकतो. तेच ४ सेकंदांच्या तुकड्यांवरही चालवा, म्हणजे ५०० नमुने. फरक तुकड्याच्या लांबीबरोबर घटत गेला तर तो अल्फाच्या चढ-उताराचा असण्याची शक्यता जास्त.

सह्यधार

आणि प्रत्येक तुकड्यावर थीटा-अल्फा गुणोत्तर काढून ठेवा. या संचात गुंगीच्या खुणा मिळाल्या नाहीत तर तेवढाच आधार. एकाच माणसाच्या पहिल्या तीन मिनिटांत आणि शेवटच्या तीन मिनिटांत थीटा फार चढलेला दिसला तर शेवटची मिनिटं वगळून सगळं परत चालवा.

ईईजी_टेक

सह्यधारनी माझ्या मनातलं लिहिलं. शून्यांश, कच्च्या फाइलमध्ये एफ७-एफ८ डोळ्यांनीही बघा. साफ केलेल्या डेटात आयसीएने डोळ्यांच्या हालचाली काढून टाकलेल्या असणार, म्हणजे गुंगीची सगळ्यांत चांगली खूण तिथे पुसली गेलेली असेल. कच्च्यात पेंगण्याच्या वेळा टिपा आणि साफ केलेल्यात तेच सेकंद गाळा. ८८ फाइल्स आहेत, एकेका फाइलवर पंधरा-वीस मिनिटं बसावं लागेल. बसा.

शून्यांश

बसतो. फ्रंटोटेम्पोरलच्या २३ पण बघून घेतो, निरभ्रनी सांगितलेला अल्फाचा मुद्दा तिथे लगेच तपासता येईल. गुणोत्तरांचे आलेख तयार झाले की याच धाग्यावर टाकतो, मूळ आकडे आणि कोडसकट.